माल दाबू नये

जगूमामा कुणाला भेटले की नमस्कार करत नाहीत, गाल दाबतात. समोर शाळेतलं पोर असो, तलाठी असो की नव्याने बदलून आलेला बँकेचा मॅनेजर, मामांचा उजवा अंगठा पुढे येतो, गालाच्या बरोबर मध्यावर टेकतो, हलकेच रुततो आणि निकाल लागतो. "अजून दोन दिवस." किंवा, "हा झाला तयार, आजच काढा बाजारात." तो मॅनेजर बिचारा सोलापूरकडचा. पहिल्याच दिवशी स्वतःच्या केबिनमध्ये, शिपायाच्या देखत त्याचा गाल दाबला गेला आणि "वरून गोड आहे, देठाशी चीक आहे" असा शेरा त्याला मिळाला. त्याने नंतर मला हळूच विचारलं, हे गृहस्थ डोक्याने बरे आहेत ना? मी म्हटलं, डोक्याने उत्तम आहेत, फक्त चिकूचे व्यापारी आहेत.

मामांची वखार डहाणू स्टेशनपासून जवळच, माझ्या घराला अगदी लागून आहे. मी बोर्डीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी बसला जाताना आणि दुपारी परतताना वखारीवरून जावं लागतं, त्यामुळे माझा गाल दिवसातून दोनदा तपासला जातो. "बाई, आज पेपर तपासलेस वाटतं, साल जाड लागतेय."

वखारीच्या दारावर पत्र्याची पाटी आहे. लाल रंगात लिहिलंय, माल दाबू नये. एखादं गिऱ्हाईक सवयीने पेटीत हात घालून चिकू चाचपायला गेलं की मामा आतून ओरडणार, "नजरेनं निवडा, बोटानं नाही." कारण आज दाबलेला चिकू उद्या त्याच जागी काळा पडतो आणि शेजारच्यांनाही घेऊन बुडतो. मग तुम्ही कसे दाबता, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, माझा अंगठा सुईणीचा आहे, मालाला कळतसुद्धा नाही. आमच्या गालांना मात्र चांगलं कळायचं. निम्म्या डहाणूच्या मनात त्या अंगठ्याबद्दल डूख होता आणि त्याची परतफेड करायची वेळ कधी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

मामांच्या जगात दोनच जाती, टिकाऊ आणि नाशवंत. लोखंडी कपाट टिकाऊ, सरकार नाशवंत. कमळाबेनचे खाकरे टिकाऊ, कमळाबेनचा राग नाशवंत. ही कमळाबेन म्हणजे वखारीसमोर खाकरे-लोणच्याचं दुकान चालवणारी आमची शेजारीण. तिच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत वाणगावला पोचलेली असते. मामांनी लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "पेटी भरेपर्यंत गाडी सुटली." बायकोच्या जागी त्यांनी मिशी ठेवली. दाट, टोकांना वळवलेली, खोबरेल पाजलेली. एक वेळ खिशात सुटे पैसे नसतील, पण मिशीची छोटी फणी असायचीच. बोलता बोलता गिऱ्हाइकासमोर मिशी विंचरायचे आणि गिऱ्हाईकसुद्धा अदबीने थांबायचं.

घरात ते एकटेच. एक बहीण होती, शालूताई, वर्षाने मोठी. लहानपणी दोघं इतकी सारखी दिसायची म्हणे, की आळीतल्या बाया दोघांची नावं एकदमच घ्यायच्या, जो येईल तो येईल. शालूताईला आशागडला दिली होती. तिची मुलगी प्राची अकरा वर्षांची असताना शालूताई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. त्यानंतर दर हंगामातल्या पहिल्या पिकलेल्या चिकूंची पेटी मामा स्वतः आशागडला नेतात. प्राचीच्या गालावर अंगठा टेकवायचा, "अजून कच्ची" म्हणायचं, एक कप चहा घ्यायचा आणि निघायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा कार्यक्रम. मुलगी इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, तरी मामांच्या लेखी कच्चीच राहिली.

नोटाबंदीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यात मामांना कावीळ झाली. महिनाभर उसाचा रस आणि मऊ भात यांवर काढून ते उठले तेव्हा गालफडं पार बसली होती. मिशी तेवढी पूर्वीचीच, त्यामुळे ती चेहऱ्याला चार बोटं मोठी वाटायची. दिवाळीनंतर प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा मर्चंट नेव्हीतला, बोर्डीचा. मामा आशागडला जाऊन पेढे घेऊन आले, पण तोंड उतरलेलं. मला वाटलं, भाची लांब जाणार म्हणून असेल. पण बोर्डी ती कितीशी लांब?

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तर मामा स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभे. "बाई, तू सायन्सची ना? मला सांग, गाल भरता येतात का?"

मी म्हटलं, येतात की. दूध प्या, तूप खा, दोन केळी घ्या. म्हणाले, ते सगळं पोटाला जातं, मी गालाचं विचारतोय. त्यांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. सुईने कातडीखाली काहीतरी भरतात आणि बसलेले गाल वर येतात, त्याला फिलर म्हणतात. मामा त्याला फिल्लर म्हणत होते. मी इतकी हसले की तव्यावरची भाकरी करपली. मामा हसले नाहीत. "मला प्राचीच्या लग्नात गाल पाहिजेत," एवढंच म्हणाले आणि करपलेली भाकरी मागून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी कमळाबेनने माझा रस्ता अडवला. आमची खिडकी आणि तिचा ओटा यांच्यामध्ये अंतर आहे ते नावाला. तिने सगळं जुळवून ठेवलं होतं. मामा कलमांच्या निमित्ताने वाणगावला एका रोपवाटिकेत जातात, ती रोपवाटिका एक विधवा बाई चालवते, ती बाई दिसायला बरी आहे, आणि आता मामांना गाल हवेत. "बाई, घरडे घडपण नहीं, लगन छे," कमळाबेन म्हणाली. म्हणजे म्हातारचळ वगैरे काही नाही, सरळ लग्न आहे. मामांच्या कानावर हे गेलं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, नुसती मिशी विंचरली. झालं, गावाची खात्री पटली.

मामांनी आधी स्वस्तातला मार्ग धरला. बाजारात एक जेन्ट्स पार्लर निघालं होतं. मालकाचा मेव्हणा कुठूनसा थोड्या दिवसांचा कोर्स करून आला होता आणि दाढीच्या खुर्चीतच गाल भरून देतो म्हणत होता. मामा खुर्चीत बसले, गळ्याला फडका बांधून झाला. मेव्हण्याने सुई काढली तेव्हा मामांनी औषधाचं खोकं मागितलं, उलटसुलट केलं, वास घेतला. खोक्यावर ना नाव, ना तारीख. विचारलं, कुठल्या बागेचा माल? मेव्हणा म्हणाला, काका, इम्पोर्टेड आहे. कुठल्या देशातला? बाहेरच्या, काका. मामा फडक्यासकट उठले. पेटीवर बागेचं नाव नाही असला माल मी गाईपुढेसुद्धा टाकत नाही, असं भर बाजारात सुनावून ते वखारीत आले. गळ्यातला फडका परत द्यायचं राहूनच गेलं. अजून तो चिकू पुसायला वापरतात.

हे ऐकून माझं हसू पळालं. माणूस हट्टाला पेटलेला, आज नाही तर उद्या दुसऱ्या कुठल्या मेव्हण्याच्या हाती लागला असता. मग मीच चौकशी केली आणि एका शनिवारी त्यांना घेऊन वापीला गेले. तिथली त्वचेची डॉक्टरीण तरुण होती, शांत होती. तिने आधी काविळीचे कागद पाहिले, पुन्हा रक्त तपासायला लावलं, आणि सगळं ठीक आल्यावरच पुढच्या खेपेला बोलायला बसली.

तिने मामांना नीट समजावलं. हे जेलीसारखं असतं, आपल्या शरीरात असतंच तशा पदार्थाचं. गालात भरलं की साधारण वर्षभर राहतं, कुणाला थोडं कमी, कुणाला जास्त, मग शरीरच ते हळूहळू विरघळवून टाकतं. नाही आवडलं तर आधीच विरघळवायचंही इंजेक्शन आहे. सूज येते, निळं पडतं, कधी गाठ हाताला लागते, पण ते बहुतेक आपोआप उतरतं. भीती असते ती वेगळीच. क्वचित कधी सुई रक्तवाहिनीत गेली आणि रक्त अडलं तर तिथली कातडी मरू शकते, डोळासुद्धा जाऊ शकतो. म्हणून हे काम शिकलेल्या डॉक्टरनेच करायचं आणि त्यावरचा इलाज हाताशी ठेवून करायचं. सायन्सच्या बाई म्हणून आलेली मी, डोळा जातो ऐकून मीच खुर्ची मागे ओढली.

मामांनी एकच विचारलं. "बेन, केटला दिवस टकशे?" वर्षभर, ती पुन्हा म्हणाली. "नाशवंत," मामा माझ्याकडे वळून म्हणाले, आणि जरा खूश झाल्यासारखे दिसले. नाशवंत मालाचा त्यांना सराव आहे. भावही त्यांनी केला. हे एमएलवर का विकता, भरलेल्या गालावर का नाही, इथून सुरुवात. डॉक्टरीण हसत होती पण हलली नाही. बाई पक्की आहे, असं मामांनी मला आदराने सांगितलं.

कसे गाल हवेत, असं तिने विचारलं तेव्हा मात्र मामा चुळबुळायला लागले. मला म्हणाले, बाई, तू जरा खिडकीतून बाहेर बघ. मी बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक माणूस स्कूटर पुसत होता. मामांनी फणीच्या खिशातून एक फोटो काढल्याचं मला काचेत दिसलं. डॉक्टरीण बराच वेळ फोटोकडे आणि मामांकडे आलटून पालटून बघत राहिली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "एवढं नाही होणार, काका. थोडंफार होईल. आणि या मिशीत ते दिसणार तरी कसं?"

"मिशीचं मी बघतो," मामा म्हणाले.

मी मनात म्हटलं, नक्कीच कुणा गुळगुळीत हिरोचा फोटो असणार. परतल्यावर कमळाबेनला सांगायला केवढा मसाला.

सुई टोचताना मामांनी डोळे मिटले आणि तोंडाने सुरू केलं, देठाकडून भरा, खालून पोकळ ठेवू नका. डॉक्टरीण म्हणाली, काका, गाल हलतायत, गप्प बसा. चाळीस वर्षांत मामांना गप्प बसवणारी ती पहिली. टोचून झाल्यावर तिने अंगठ्याने गाल हळूच घडवला, तेव्हा मामांनी एक डोळा उघडून त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. मग तिने आरसा दिला. मामा आरशात बघत राहिले, बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, फार दुखतंय का? म्हणाले, हो.

आता पथ्य. दोन आठवडे गाल दाबायचा नाही, चोळायचा नाही, कुशीवर झोपायचं नाही, उन्हात फिरायचं नाही, दारू-ताडी नाही. दाबलं तर भरलेलं सरकतं. "समजलं," मामा म्हणाले. "आता मीच माल."

लग्न फेब्रुवारीच्या शेवटी होतं. पथ्याला भरपूर वेळ होता. पण दुसऱ्याच दिवशी आशागडहून फोन आला. जहाजाच्या कंपनीने मुलाला लवकर बोलावलं, म्हणून मुहूर्त अलीकडे ओढलाय, येत्या शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न. मामांच्या हातून फोन चिकूंच्या पेटीत पडला. आमच्याकडे हळद म्हणजे कपाळाला बोट लावून भागत नाही. नवरीला आंब्याच्या पानाने लावून झाली की उरलेली हळद पाहुण्यांची, आणि ती तेलात कालवून दोन्ही पंजांनी तोंडाला चोळतात. त्यात नवरीच्या मामाला सोडणं म्हणजे मामाचाच अपमान.

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. मामांचा डावा गाल सुजला, उजव्यावर निळा डाग उमटला. विचारणाऱ्याला मधमाशी चावली म्हणून सांगायचे, आणि मधमाशी दोन्ही गालांना कशी चावली म्हटलं की दोन होत्या म्हणायचे. झोपेत कूस बदलू नये म्हणून चिकूच्या पेटीत घालतात तो पेंढा पोत्यात भरून त्यांनी दोन्ही बाजूंना लावला आणि खुर्चीत बसून झोपायला लागले. सकाळी केसांत पेंढा घेऊन उठायचे. समोरून ओळखीचा माणूस दिसला की रस्ता बदलायचे. त्यांचा स्वतःचा अंगठासुद्धा त्यांनी खिशात कोंडून ठेवला होता, कारण तो गालाकडे धावायचा. निळा डाग हळूहळू उतरला. शुक्रवार आला तसे मामा घामाने भिजले. मी सुचवलं, हळदीला नका जाऊ, सरळ लग्नाला जा. म्हणाले, "लग्नात गर्दी असते, बाई. तिला नीट बघायला हळदीतच वेळ असतो." मला वाटलं, त्यांनाच तिला बघायचं असेल.

आशागडला मी आणि कमळाबेन सकाळीच पोचलो. अंगणात मांडव, बँजोवाले तयार, तेलात कालवलेल्या हळदीची दोन पातेली. थोड्या वेळाने मामा आले, ते बघून बँजोवाल्याचा सूरच चुकला. नाकापासून खाली तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळे तेवढे बाहेर. आणि गळ्यात दोरीने अडकवलेली वखारीची पाटी. माल दाबू नये.

आता सांगा, ज्याने गावाचे गाल चाळीस वर्षं दाबले, तो माणूस ही पाटी गळ्यात घालून हळदीला येतो, तर गावाने काय करावं? मग बँकेचा मॅनेजर उठला. तो लग्नाला खास सुटी काढून आला होता. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पातेल्यात हात कोपरापर्यंत बुडवले आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "जगन्नाथराव, देठाशी चीक आहे का बघू द्या."

मामा पळाले. पंचावन्न वर्षांचा माणूस, पाटी छातीवर आपटतेय, मागे मॅनेजर, त्याच्या मागे तलाठी, त्याच्या मागे माझे दोन माजी विद्यार्थी आणि कमळाबेन. मांडवाला एक फेरी, विहिरीला एक फेरी. मामा आचाऱ्याच्या चुलाणामागे लपले, तिथून आचाऱ्यानेच हळदीचा हात उगारला, कारण त्याचाही गाल एकदा "जास्त पिकलाय" ठरला होता. मी मागून ओरडतेय, अहो दाबू नका, सरकेल, आणि बँजोवाल्याला वाटलं मी ताल धरलाय, त्याने गत वाढवली. शेवटी मामा परसातल्या चिकूच्या झाडावर चढले. चिकूचं झाड ठेंगणं आणि गच्च, चढायला सोपं. मधल्या फांदीवर बसले. आजूबाजूला कच्चे चिकू, मध्ये मामा, गळ्यात पाटी. खाली अख्खं वऱ्हाड पिवळे पंजे वर करून उभं. हसून हसून मला खाली बसावं लागलं.

तेवढ्यात एका डहाळीत टॉवेल अडकला आणि सुटून खाली पडला.

मिशी नव्हती.

खाली एकदम कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे मिशी काढतात ती घरात कुणी गेल्यावर. मंगलकार्याच्या मांडवात हा माणूस मिशी उतरवून आला? कुणी विचारलं, कोण गेलं? कुणी म्हणालं, गप्प बसा, अभद्र बोलू नका. कमळाबेन माझा दंड धरून म्हणाली, वाणगाववालीने नाही म्हटलं वाटतं. मामा फांदीला घट्ट धरून बसले.

प्राचीच्या शेजारची एक म्हातारी काकी होती, शालूताईच्या बरोबरीने जिने या अंगणात पापड वाळत घातले होते. ती पुढे आली, डोळ्यांवर हात आडवा धरून वर बघितलं. बघता बघता तिचा हात तोंडाकडे गेला.

"अगो बाय," ती म्हणाली. "ही तर शालू."

तेव्हा आम्ही सगळ्यांनी नीट पाहिलं. भरलेले गाल, मिशी नाही, आणि तो बावरलेला चेहरा. मी शालूताईला दोन-तीनदाच भेटले होते, पण मलाही ती दिसली. चेहऱ्याला वळण तेच, गालांचा गोलवाही तोच. मॅनेजरने हळदीचे हात हळूच मागे घेतले.

प्राची मांडवातून उठून आली होती. हळद लागलेली, हाताला हिरव्या बांगड्या. झाडाखाली उभी राहून ती वर बघत राहिली. मग माझ्याकडे वळून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मीच म्हटलं होतं त्याला. लग्न ठरलं त्या दिवशी. मामा, तुझ्या गालांत मला आई दिसायची, काविळीत तीही गेली." आणि महिनाभर कमळाबेनबरोबर वाणगावच्या बाईवर हसलेली मी, खाली पडलेला टॉवेल उचलून झटकू लागले.

"मामा, उतर," ती म्हणाली.

मामा उतरले. त्यांच्या केसांत पानं अडकली होती. ती अगदी जवळ गेली, दोन्ही तळवे हळदीने माखलेले. दोन बोटं अंतरावर तिने ते थांबवले. पाटी तिच्या समोरच होती.

"दाबू?"

"दाब," मामा म्हणाले. "माल तुझाच आहे."

तिने दाबले. दोन्ही तळव्यांनी ते गाल धरले आणि पोटभर रडली. मामांनी डोळे मिटून घेतले. सरकेल, पथ्य, डॉक्टरीण, कुणालाच काही आठवलं नाही, मलासुद्धा. मग त्यांनी आपला अंगठा खिशातून बाहेर काढला, तिच्या गालावर टेकवला आणि म्हणाले, "झाली गं तयार."

गाल सरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी लग्नात मामा नवरीच्या मागे उभे होते, तुळतुळीत, गोरेमोरे, आणि फोटोवाला दर फोटोला त्यांच्याकडे बघून गोंधळत होता. त्यानंतर मामांनी मिशी ठेवलीच नाही. रोज सकाळी वखारीतल्या आरशासमोर घोटून दाढी करायचे, आणि त्यात त्यांचा एवढा वेळ जायचा की टेम्पोवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. कमळाबेनने त्यावरही एक तर्क काढला, पण तो वाणगावपर्यंत गेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात, शाळेतून परतताना मला वखारीत मामा दिसले. ओठावर पांढरे-काळे खुंट आले होते. मला आनंद झाला. म्हटलं, वा मामा, मिशी परत येतेय. ते आरशासमोरून हलले नाहीत. गाल पुन्हा आत गेले होते, हे मला तेव्हा जाणवलं. डॉक्टरीण म्हणाली होती तसंच, हळूहळू, कुणाला कळू न देता.

मी म्हटलं, शनिवारी वापीला जाऊ या का, पुन्हा भरून घेऊ. मामांनी मान हलवली. "नको. पोरीपर्यंत माल वेळेत पोचला, बस झालं." मग ओठावरच्या खुंटांवरून बोट फिरवलं. "शालूताई रोज सकाळी भेटायची, बाई. दाढीचा फेस पुसला की समोर उभी. आता काही येत नाही. मग मिशी काढायची ती कुणासाठी?"

मी दप्तर पेटीवर ठेवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा अंगठा उचलून त्यांच्या बसलेल्या गालावर टेकवला, अगदी हलका. पाटी पुन्हा दारावर आपल्या जागी होती. मामा ओरडले नाहीत. नजर आरशातून न काढता, माझा अंगठा तिथे असेपर्यंत, ते नुसते उभे राहिले.